काठवटीला पाणी लावू नका

१७ ऑक्टोबर १९९४, सोमवार

झालं! काल युरोपीय संघात जायच्या मतदानात देशाने "हो" म्हटलं. चला युरोपात. आज संग्रहालयात पाऊल टाकते न टाकते तोच लिंडरूस अंगातला कोट न काढताच सुरू — "माइरे, आता जग विचारणार. तुम्ही कोण? तुम्ही काय खाता? आहे आपल्याकडे उत्तर?"

मी म्हटलं, आधी कॉफी घेऊ द्या.

तर स्वातंत्र्यदिनाच्या प्रदर्शनाचा विषय बदलला. उन्हाळाभर मी गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून लोकरीचे मोजे गोळा केले, ते गेले माळ्यावर. नवा विषय : फिनलंडचं स्वतःचं म्हणावं असं जेवण आहे का? उद्घाटन सहा डिसेंबरला. आम्ही माणसं तीन. लिंडरूस प्रमुख, भिंतींवरचा मजकूर माझ्याकडे, जुन्या वस्तूंची डागडुजी रेइयोकडे. नुसतं लिहितानाच दमले.

२० ऑक्टोबर, गुरुवार

गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप. चमचा तोंडात जायच्या आत लिंडरूस — "हेसुद्धा आपलं नाही बरं का. शुक्रवारच्या उपासाआधी गुरुवारी पोटभर खाऊन घ्यायची जुनी कॅथलिक रीत. स्वीडनच्या वाटेने आली."

मग पुढची अर्धी जेवणाची सुट्टी तेच. खिम्याचे गोळे? स्वीडनचे. बटाटा? तोही तिकडूनच. भट्टीत रात्रभर शिजवलेलं मांस? पूर्वेचं. आमच्या कारेलियाच्या, भात भरलेल्या लांबट चपट्या पिराक्का? — "रशियाचं वळण आहे त्यांना, माइरे. रागावू नका."

मी कशाला रागावते! लहानपणी शाळेच्या डब्यात त्या पिराक्का बघून पोरं ओरडायची, "चपला खाते! चपला खाते!" तेव्हा रागवायचं ते रागावून झालं.

रेइयोने विचारलं, "आणि मेम्मी?" ईस्टरची ती काळी चिकट खीर. लिंडरूसने चमचा खाली ठेवला. "ती मात्र आपली. तिच्यावर हक्क सांगायला अजून कोणी आलेलं नाही."

"म्हणजे जे कोणी चोरणार नाही, ते राष्ट्रीय!" रेइयो म्हणाला आणि त्याला ठसका लागला. मीही हसले. पण घरी येताना बसमध्ये हसू आलं नाही. एका बाजूला स्वीडन, एका बाजूला रशिया, आणि मधे आम्ही रिकामं ताट घेऊन बसलेले — असंच ना? नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. आमच्या साहेबांना घासाघासाचं मूळ हवं.

२१ ऑक्टोबर

आज मीच तोंड उघडलं. म्हटलं, आमच्या आईची काठवट आहे.

एका ओंडक्यातून कोरलेली, लांबट, खोल. काळ्या पावाचं पीठ तिच्यातच भिजतं. ती कधी धुवायची नाही. कडेला वाळून राहिलेल्या पिठाला आम्ही "मूळ" म्हणतो. राय नावाचं धान्य दळून त्याचं पीठ आणि कोमट पाणी घातलं की ते मूळ जागं होतं, दुसऱ्या दिवशी सगळं पीठ फसफसून वर येतं. आईने ही काठवट चव्वेचाळीसच्या शरदात कारेलियातल्या आमच्या गावाहून, राइसालाहून आणली. युद्धात गाव दुसऱ्यांदा आणि कायमचं रशियाकडे गेलं तेव्हा. गाई चालत आल्या, माणसं मालगाडीतून आली, आणि आईच्या मांडीवर काठवट. तेच मूळ आज पन्नास वर्षं चालू आहे. ना स्वीडनच्या राजाने दिलं, ना रशियाच्या झारने.

लिंडरूसचा कप हातातच राहिला. "लिहा! हेच लिहा! काठवट मधोमध मांडू."

कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं.

२२ ऑक्टोबर, शनिवार

आईकडे, आरोग्य केंद्राच्या वॉर्डात. सप्टेंबरात बटाटे काढताना पडली, खुबा मोडला. शस्त्रक्रिया चांगली झाली म्हणतात. पण जेवत नाही. ताटातला पांढरा पाव बोटाने बाजूला सारते — "हा पाव नाही गं. ओलं फडकं आहे." नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली, वजन उतरतंय, घरचं काही आणता येईल का? घरचं म्हणजे आईच्या हातचं, आणि आई इथे पलंगावर. मी कधी शिकलेच नाही. दर शनिवारी आयता मिळायचा.

काठवट मागितली. आईने पांघरुणाची कड सरळ केली. मग म्हणाली, "ने. पण तिला परत पाणी लावू नका."

परत? म्हटलं, मागे कधी लागलं होतं का? तर खिडकीकडे बघत बसली. गोळ्यांमुळे हल्ली शब्द इकडचे तिकडे होतात तिचे.

२५ ऑक्टोबर

आईच्या घरून काठवट आणली. मागच्या सीटवर, पट्टा बांधून. आंबूस वास गाडीभर.

गाडी चालवताना एक आठवलं. मी पाच-सहा वर्षांची असेन. बाहुलीला फडक्यात गुंडाळून या काठवटीत झोपवली होती आणि अंगाई म्हणत बसले होते. आई मागून आली आणि तिने मारलं. आयुष्यात एकदाच मारलं मला, तेव्हा. मग भट्टीकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं, बाहुलीच्या धुळीने मूळ खराब होतं म्हणून.

काठवट रेइयोच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "नीट काळजी घे रे हिची. आईचा जीव आहे तिच्यात."

"निश्चिंत राहा," म्हणाला.

१ नोव्हेंबर

मजकूर झाला. बरा झाला आहे. "हे मूळ कारेलियातून आलं. घर गेलं, शेत गेलं, थडगी मागे राहिली. मूळ सुटलं नाही. पन्नास वर्षं अखंड. कोणाकडून उसनं न घेतलेलं." लिंडरूसने दोनदा वाचलं. एकही शब्द खोडला नाही! हा एक चमत्कारच.

३ नोव्हेंबर

धुतली. रेइयोने काठवट धुतली.

४ नोव्हेंबर

काल लिहवेना.

"या, माइरे, बघा तरी!" म्हणून मोठ्या कौतुकाने बोलावलं त्याने. काठवट टेबलावर चकचकत होती. गरम पाणी, साबण, ब्रश. वाळलेलं पीठ लाकडी पट्टीने एकेक पापुद्रा करून खरवडलेलं. मग दोन हात जवसाचं तेल. "काय घाण साठली होती हो! पण लाकूड उत्तम. अजून शंभर वर्षं टिकेल."

मी खुर्चीत बसले. म्हटलं, ती घाण म्हणजे मूळ होतं, रेइयो.

त्याला आधी कळेचना. राजधानीत वाढलेला, पाव दुकानातल्या पिशवीतून येतो एवढंच ठाऊक. आणि सांगितलं तर मीच नव्हतं! त्या दिवशी सुपावरच्या गप्पांत तो होता, काठवटीची गोष्ट सांगितली त्या दिवशी तो गोदामात. मी म्हटलं "काळजी घे". त्याच्या भाषेत काळजी म्हणजे साबण. काठवट धुवायची नसते हे कोणाला सांगावं लागतं, असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. खरवडलेलं पीठ कुठे आहे विचारलं. कचऱ्यात. कचरा? सकाळीच गेला.



५ नोव्हेंबर, संतांचा शनिवार

दरवर्षी आई दफनभूमीत दोन मेणबत्त्या लावते. एक बाबांच्या थडग्यावर. दुसरी कोपऱ्यातल्या त्या दगडापाशी, कारेलियात आणि वाटेत राहून गेलेल्यांच्या नावाने बसवलेला आहे तो. यंदा माझ्यावर काम. वॉर्डातून निघताना मनगट धरलं तिने. "दुसरी विसरू नकोस हं. वारा असतो तिथे. आडोसा कर."

केला आडोसा. दोनदा विझली, दोनदा लावली.

काठवटीचं काही बोलले नाही. ती विचारते, "बरी आहे ना?" मी म्हणते, "मधोमध मांडलीय." खोटं नाही म्हणायला एवढंच.

७ नोव्हेंबर

निर्णय : नवं मूळ करायचं. महिनाअखेर आई घरी येणार. तोवर पाव जमला पाहिजे. पीठ तेच, गिरणी तीच, काठवटही तीच. तिला कळणार नाही. कळलं तर — नाही, कळता कामा नये. ती आता जेवेल तर त्या पावाच्या आशेवर जेवेल.

काठवट आईच्या घरी नेऊन भट्टीजवळ ठेवली. पीठ, कोमट पाणी, वर फडकं. वाटलं, लाकडाला आठवत असेल. पण तिला जवसाच्या तेलाचा वास. रंगाऱ्याच्या डब्यासारखा.

१० नोव्हेंबर

बुडबुडे नाहीत. गुलाबी बुरशी आहे. टाकलं. पुन्हा सुरू, आता बरणीत.

लिंडरूसना सांगितलं शेवटी. ते म्हणतात, "त्यात काय एवढं? काठवट आहे, गोष्ट आहे. काचेपलीकडून मूळ जिवंत की मेलेलं, कोणाला दिसतंय?"

मला दिसतंय.

१४ नोव्हेंबर

पहिला पाव. विटेचा थोरला भाऊ! मी पिठाला नावं ठेवली, मग भट्टीला, मग हवेला. नाचता येईना, अंगण वाकडं. शेवटी अंगणात टाकला. पाखरांनीही टोचून सोडून दिला.

१६ नोव्हेंबर

आज संग्रहालयात कोण यावं? यूलितालोची हेल्वी.

गाव सोडून आल्यावर आमच्या माणसांना पहिले दोन हिवाळे यूलितालोंच्या मागच्या खोलीत काढावे लागले. पुढे सरकारने त्यांच्याच जमिनीचा तुकडा कापून आम्हाला दिला. त्याचा राग त्या घराने सोडला नाही. आमच्या अंगणात ऐकू यावं अशा आवाजात "रशियाची पिल्लं" म्हणणारं ते घर. त्यांचा पाव चपटा, मधे भोक पाडलेला, वर्षात दोनदा भाजून दांडीवर टांगायचा. आमचा जाडजूड, दर शनिवारी ताजा. शेजारी राहून पन्नास वर्षांत एकमेकांचा पाव आम्ही चाखला नाही. निदान मी तरी नाही.

तर हेल्वी, साठीपुढची, रबरी बूट, हातात टॉवेलात गुंडाळलेली बरणी.

"घे पोरी. तुमचा तो रेइयो दारोदार मूळ मागत फिरतोय. आमच्याकडे आला तेव्हा कळलं, तुझ्या आईचं, आउनेचं गेलं म्हणून."

बरणीत करडं पीठ, वर बुडबुडे. जिवंत. आणि मला काय झालं कोण जाणे! म्हटलं, "आभारी आहे. पण नको. हे आमचं मूळ नाही."

तिने बरणी तशीच पुढे धरली. "आउनेला विचारलंस?"

"आईला यातलं काही कळू द्यायचं नाहीये."

"आमची आई जाताना सांगून गेली होती. आउनेच्या घरी कधी लागलं, तर नाही म्हणायचं नाही."

नाही म्हणायचं नाही! भीकच ती. म्हटलं, "तुमच्या घराने दोन हिवाळे खायला घातलं आम्हाला. तेवढं पुरे झालं, हेल्वी."

तिने टॉवेल परत नीट गुंडाळला. दारात थांबली. "आईसारखीच ताठ आहेस," म्हणाली आणि गेली.

रेइयो कोपऱ्यात उभा होता. म्हणाला, "घ्यायला हवं होतं." मी म्हटलं, तू बोलू नकोस. मग दिवसभर वाईट वाटत राहिलं — त्याचं, हेल्वीचं, सगळ्यांचंच.

२१ नोव्हेंबर

दुसरा पाव. फुगला! आंबट आहे, काळा आहे, कापला तर सुरीला चिकटत नाही. मीठ जरा जास्त. भट्टीपुढे बसून एकटीने अर्धा खाल्ला, लोणी लावून. चालेल. चालायलाच हवा.

२४ नोव्हेंबर

आई घरी. कुबड्यांवर. मला तिच्याकडेच राहावं लागणार. आल्या आल्या भट्टीजवळच्या बाकाकडे नजर. "कुठे आहे?" संग्रहालयात, म्हटलं (कालच परत नेली होती). "बरं," म्हणाली. स्वेटर सैल झालाय तिला. मानेची हाडं दिसतात.

२६ नोव्हेंबर, शनिवार

पाव केला. कणकेवर बोटाने क्रूस ओढला, ती ओढते तसा. ती खोलीतून भट्टीच्या झाकणाचा आवाज ऐकत होती.

लोणी लावून तुकडा दिला. वास घेतला. चावला. चावतच राहिली. डोळे मिटलेले. मी उभीच.

"कोणाचा आहे हा?"

"आपलाच, आई."

"माइरे. कोणाचा?"

मग काय! सांगितलं. साबण, ब्रश, तेल, कचऱ्याची गाडी, सगळं. सांगताना रडले, या वयात. वाटलं, रागावेल. एकदा मारलं तर बरं, असंही वाटलं.

तिने तुकडा ताटलीत ठेवला. एवढंच विचारलं, "गरम पाण्याने की गार?"

"गरम."

"आण ती इथे."

गाडी काढून गेले, कुलूप उघडलं, घेऊन आले. तिने शेजारच्या बाकावर ठेवायला लावली. हात फिरवला आतून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग भिंतीकडे वळून झोपली.

२९ नोव्हेंबर

बोलत नाही. रवाळ लापशी चार चमचे. पावाला हात नाही.

लिंडरूसचा फोन. मधली जागा रिकामी आहे, काठवट कधी आणता? म्हटलं, नाही आणत. "मग मधोमध काय ठेवायचं? फिनिश जेवण म्हणून?" म्हटलं, रिकामंच ठेवा, तुमचं म्हणणं सिद्ध होईल. फोन आपटला नाही. हळूच ठेवला. आपटायलाही जोर लागतो.

१ डिसेंबर

मजकुराचा फलक छापून आला, सुंदर अक्षरात. "पन्नास वर्षं अखंड." कागदात गुंडाळून माळ्यावर, मोज्यांच्या शेजारी.

आई अजून गप्प. तिच्या हातून मी तिचं गावच पुन्हा एकदा काढून घेतलं, असं वाटतं. घर, शेत, सगळं गेलं त्यातून एक गोष्ट तिने वाचवली. ती मी एका भिंतीच्या शोभेसाठी नेली. कशासाठी? तर लिंडरूसने मान डोलवावी म्हणून.

४ डिसेंबर, रविवार

आई बोलली. बटाटे सोलता सोलता, माझ्याकडे न बघता.

"मीही धुतली होती ती. इथे आल्यावर, विहिरीच्या गार पाण्याने. तौनो होता ना तिच्यात. गाडीत गोवराने फणफणला. तिच्यातच झोपवलेला, तिच्यातच गेला. वाटेतल्या कुठल्याशा गावात ठेवून आलो त्याला. मग धुवायला नको?"

तौनो. मला भाऊ होता. सत्तेचाळीस वर्षांची झाले मी.

"मूळ तेव्हाच गेलं. पाव करायचाच नाही आता, म्हटलं होतं मी. एका सकाळी यूलितालोची म्हातारी आली. आपल्या पिठातला मूठभर गोळा तिच्यात टाकला, फडकं झाकलं. बोलली काहीच नाही. मीही नाही बोलले." आईने बटाटा पाण्यात सोडला. "तिचंच ते, पन्नास वर्षं. हेल्वीकडे असेल अजून. उजेड आहे तोवर जा. भांडं घेऊन जा."

भांडं नाही घेतलं. काठवटच घेऊन निघाले, मागच्या सीटवर, पट्टा बांधून.